गर्दीचें गणित मांडणारा शिक्षक : आग्नर क्रारुप एर्लांग

विद्यार्थिमित्रांनो, थोरांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे आपल्यापुढें बहुधा सेनापति, देशभक्त, कवि किंवा नवे प्रदेश शोधणारे प्रवासी उभे राहतात. आज ज्या पुरुषाचें चरित्र मी आपल्यापुढें ठेवीत आहें, त्यानें एकहि लढाई जिंकली नाहीं कीं एकहि बेट शोधून काढलें नाहीं. आपल्या आयुष्याचीं जवळजवळ वीस वर्षें त्यानें एकाच शहरांत, एकाच कंपनीच्या नोकरींत, एका साध्या प्रश्नाचा विचार करण्यांत घालविलीं. तो प्रश्न असा : साधन थोडें आणि मागणारे पुष्कळ असले, म्हणजे कोणास किती वेळ तिष्ठावें लागेल, आणि किती जणांस रिकाम्या हातांनीं परत जावें लागेल?

प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु परगांवीं शिकणाऱ्या मुलाशीं आई मोबाइलवर बोलत असतांना आवाज तुटूं लागतो, शब्द अर्धवट ऐकूं येतात, आणि ती माउली पुन्हां पुन्हां विचारीत राहते, तेव्हां त्याच प्रश्नाचें उत्तर वाटेंत कोठें तरी चुकलेलें असतें. तें उत्तर प्रथम गणितानें काढून देणारे गृहस्थ म्हणजे डेन्मार्कचे आग्नर क्रारुप एर्लांग.

एर्लांग यांचा जन्म १ जानेवारी १८७८ रोजीं डेन्मार्कमधील जटलंड प्रांतांत, टार्म या गांवाजवळच्या लोनबोर्ग नांवाच्या खेड्यांत झाला. वडील हान्स निल्सेन एर्लांग हे गांवचे शाळामास्तर असून चर्चच्या कारकुनाचें कामहि त्यांच्याकडेच असे. आई धर्मोपदेशकांच्या घराण्यांतली. तिच्या पूर्वजांत थॉमस फिंके नांवाचा एक नामांकित गणिती होऊन गेला होता. त्रिकोणमितींत आपण जे टॅन्जंट आणि सीकंट हे शब्द वापरतों, ते याच फिंकेनें १५८३ सालच्या आपल्या ग्रंथांत रूढ केले. घरीं संपत्ति नव्हती, पण अशा रीतीनें विद्येची परंपरा मात्र होती.

आग्नरला फ्रेडरिक नांवाचा एक वडील भाऊ आणि दोन धाकट्या बहिणी होत्या. संध्याकाळीं दोघे भाऊ एकच पुस्तक मिळून वाचीत. फ्रेडरिक पुस्तक सरळ धरून बसे आणि आग्नर मेजाच्या दुसऱ्या बाजूस बसून तेंच पान उलट्या बाजूनें वाची. पुस्तक एक आणि वाचणारे दोन, यावर त्या मुलानें काढलेली ही तोड होती. ज्यानें पुढें जन्मभर एका वस्तूच्या अनेक मागणाऱ्यांचा विचार केला, त्याच्या बालपणची ही गोष्ट मोठी बोलकी आहे. त्यास आकाशांतील ताऱ्यांचाहि फार नाद होता, आणि ताऱ्यांवर तो कविता करीत असे.

प्राथमिक शिक्षण वडिलांच्याच शाळेंत झालें. चौदाव्या वर्षीं आग्नर कोपनहेगनला जाऊन तेथील विद्यापीठाच्या प्राथमिक परीक्षेस बसला. वय कमी असल्यामुळें त्यास खास परवानगी काढावी लागली होती. तरी तो विशेष प्रावीण्यानें उत्तीर्ण झाला. पण लगेच पुढें शिकण्याची सोय नव्हती. तो घरीं परत आला आणि दोन वर्षें वडिलांच्या हाताखालीं गांवच्या मुलांना शिकवूं लागला. पुढें आईच्या एका दूरच्या नातलगानें हिलरोड येथें त्याच्या राहण्याजेवणाचा भार उचलला, आणि १८९६ सालीं तो विद्यापीठाची प्रवेशपरीक्षाहि प्रावीण्यानें उतरला. विद्यापीठांतहि गरीब विद्यार्थी म्हणून त्यास राहण्याची व जेवणाची मोफत सोय मिळाली. गणित हा मुख्य विषय आणि त्याच्या जोडीला ज्योतिष, पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन १९०१ सालीं त्यानें एम्. ए. ची पदवी मिळविली.

यानंतर सात वर्षें एर्लांग यांनीं निरनिराळ्या शाळांतून शिक्षकाचें काम केलें. स्वभाव अबोल असूनहि ते चांगले शिकवीत. शाळेचें काम संभाळून त्यांनीं आपला अभ्यासहि सोडला नाहीं. ख्रिस्तियान हॉयगेन्स या डच गणित्याच्या पद्धतींवर त्यांनीं लिहिलेल्या निबंधास १९०४ सालीं कोपनहेगन विद्यापीठानें गौरविलें. शाळेंतील नोकरी म्हणजे अभ्यासाचा शेवट, असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हीं सात वर्षें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत.

डेन्मार्कमधील गणित्यांच्या मंडळाच्या सभांस एर्लांग जात असत. तेथें त्यांची गांठ योहान येन्सेन यांच्याशीं पडली. येन्सेन हे स्वतः मोठे गणिती असून पोटासाठीं कोपनहेगन टेलिफोन कंपनींत मुख्य इंजिनिअर होते. कंपनीचे व्यवस्थापक फ्रेडरिक योहान्सेन यांसहि टेलिफोनच्या गर्दीचा विचार संभाव्यतेच्या गणितानें करावा असें वाटत होतें. येन्सेन यांनीं या तरुण शिक्षकाची त्यांच्याशीं ओळख करून दिली, आणि १९०८ सालीं एर्लांग कंपनीच्या नोकरींत शिरले. लवकरच तेथील प्रयोगशाळा त्यांच्या हवालीं झाली.

आतां त्यांच्यापुढें काय अडचण होती ती पाहूं. त्या काळीं ग्राहकानें टेलिफोन उचलला, कीं एक्स्चेंजमध्यें बसलेल्या ऑपरेटर बाईस खूण मिळे; कोणाशीं बोलावयाचें तें विचारून ती हातांनीं दोन तारा जोडून देई. शहर मोठें, म्हणून एक्स्चेंजेंहि अनेक असत, आणि एका भागांतील माणसास दुसऱ्या भागांतील माणसाशीं बोलावयाचें असल्यास दोन एक्स्चेंजांमधील एक तार मोकळी असावी लागे. ग्राहक हजारों; पण ते सगळे एकाच वेळीं बोलत नाहींत. प्रत्येकासाठीं वेगळी तार टाकली तर तांब्याचा खर्च कंपनीस बुडवील, आणि तारा फार थोड्या ठेवल्या तर ग्राहक चिडून जातील. मग तारा टाकावयाच्या तरी किती? १८८२ सालीं मुंबईसहि टेलिफोन एक्स्चेंज उघडलें होतें. हा प्रश्न एकट्या कोपनहेगनचा नव्हता, टेलिफोन असलेल्या प्रत्येक शहराचा होता. बहुतेक ठिकाणीं त्याचें उत्तर अंदाजानें दिलें जाई.

एर्लांग केवळ खोलींत बसून आंकडे मांडणारे नव्हते. आरंभीं त्यांच्या हाताखालीं प्रयोगशाळेंत माणसें नव्हतीं, म्हणून भूमिगत तारांच्या आसपास जमिनींत पसरणारे विजेचे प्रवाह मोजण्याचें काम तेच करीत. खांद्यावर शिडी घेतलेला एक मजूर बरोबर घेऊन हा पदवीधर गणिती कोपनहेगनच्या रस्त्यांवरून हिंडे, आणि रस्त्यांतील झांकणें उघडून स्वतः खालीं उतरे. काम हलकें कीं भारी, हा विचार त्यांस शिवत नसे.

१९०९ सालीं त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख प्रसिद्ध झाला. कोणता ग्राहक कोणत्या क्षणीं टेलिफोन उचलील हें कोणासच सांगतां येत नाहीं. तरीहि पुष्कळ ग्राहक मिळून जे कॉल करतात, त्यांच्या संख्येस नियम आहे. तो नियम प्वासाँ या फ्रेंच गणित्यानें पूर्वींच सांगितला होता, आणि टेलिफोनच्या कॉलांस तो लागू पडतो हें एर्लांग यांनीं दाखविलें. समजा, मिनिटाला सरासरी ३ कॉल येतात. तर शंभर मिनिटांपैकीं सुमारें ५ मिनिटांत एकहि कॉल येणार नाहीं, सुमारें २२ मिनिटांत बरोबर ३ येतील, आणि सुमारें ८ मिनिटांत ६ किंवा त्याहून अधिक येऊन कोसळतील. व्यक्तीचा भरंवसा नाहीं, पण समुदायाचा हिशेब करतां येतो, हें या लेखाचें सार होय.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध लेख १९१७ सालचा. बोलणें जोडण्याचें काम आतां माणसांच्या हातांतून यंत्रांकडे चाललें होतें, आणि त्यासाठीं किती यंत्रें व तारा लागतील हें आगाऊ कळणें अवश्य होतें. एर्लांग यांनीं समतोलाचा विचार पुढें आणला. तीन तारा गुंतल्या असतां चौथी गुंतणें, आणि चार गुंतल्या असतां एक मोकळी होणें, या दोन गोष्टी दीर्घ काळांत सारख्याच वेळां घडल्या पाहिजेत. एवढ्याशा सरळ गोष्टीवरून त्यांनीं आपलें सूत्र बांधलें.

मुलांनो, एक उदाहरण घ्या. एका तासांत ६० कॉल येतात आणि प्रत्येक बोलणें सरासरी ३ मिनिटें चालतें. म्हणजे एकंदर बोलणें १८० मिनिटांचें, अर्थात् ३ तासांचें झालें. कोणीहि म्हणेल कीं, तासाभरांत तीन तासांचें बोलणें व्हावयाचें असेल तर ३ तारा बस्स आहेत. सूत्र काय सांगतें? ३ तारा ठेवल्यास शंभरांतील सुमारें ३५ कॉल परत जातील! ५ तारा ठेवल्या तरी सुमारें ११ परत जातील. शंभरांत एकाहूनहि कमी परत जावा अशी इच्छा असेल, तर ८ तारा ठेवाव्या लागतात. लोक एकामागून एक शिस्तीनें येत नाहींत. कधीं कोणीच नसतें, कधीं एकदम झुंबड उडते. सरासरीवर विसंबून राहणारा मनुष्य फसतो तो यामुळेंच.

आतां याच उदाहरणाची दुसरी बाजू पहा. असे दहा वेगवेगळे गट असतील आणि प्रत्येकास स्वतंत्र ८ तारा दिल्या, तर ८० तारा लागतील. पण दहाहि गटांनीं आपल्या तारा एकत्र केल्या, तर तेवढीच सेवा ४२ तारांत देतां येते. एका गटाची गर्दी असते तेव्हां दुसरा निवांत असतो, आणि त्याची रिकामी तार पहिल्याच्या उपयोगी पडते. वाटून घेतल्यानें सर्वांचेंच हित होतें, हें आपण नीतीच्या पुस्तकांत वाचतों. एर्लांग यांच्या सूत्रांत तें आंकड्यांनीं सिद्ध झालें आहे.

परत जाण्याऐवजीं लोक रांगेंत थांबत असतील तर काय, याचेंहि गणित त्यांनीं केलें. एकच खिडकी आहे, आणि एकेका माणसाच्या कामास सरासरी १ मिनिट लागतें, पण कोणास कमी, कोणास अधिक. खिडकी निम्मा वेळ गुंतलेली असेल, तर येणाऱ्यास सरासरी १ मिनिट थांबावें लागतें. ती शंभरांत ९० भाग गुंतलेली असेल तर ९ मिनिटें, आणि ९५ भाग गुंतलेली असेल तर १९ मिनिटें. काम थोडेंसेंच वाढलें, पण खोळंबा दुपटीहून अधिक झाला. कारण गेलेला रिकामा क्षण पुढच्या गर्दीसाठीं सांठवून ठेवतां येत नाहीं. साधनाचा कणन् कण कामास लावूं पाहणारा व्यवस्थापक हा खर्च वांचवितो खरा, पण त्याची भरपाई रांगेंतील लोक आपल्या वेळानें करीत असतात.

एर्लांग यांचे लेख बहुधा डॅनिश भाषेंत, थोडक्यांत व पुष्कळदां सिद्धता पूर्ण न मांडतां लिहिलेले असत. तरी त्यांची कीर्ति हळूहळू देशाबाहेर गेली. ब्रिटिश पोस्ट खात्यानें त्यांचें सूत्र स्वीकारलें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतील एका संशोधकानें तर हे लेख मुळांतून वाचतां यावेत म्हणून डॅनिश भाषा शिकून घेतली, असें सांगतात.

एवढें होऊनहि त्यांची राहणी बदलली नाहीं. त्यांनीं लग्न केलें नाहीं. पुस्तकांचा त्यांस फार शोक, आणि गणित, ज्योतिष व पदार्थविज्ञान या विषयांचा मोठा ग्रंथसंग्रह त्यांनीं जमविला होता. विद्यार्थ्यांस शिकतांना उपयोगी पडावींत म्हणून त्यांनीं चार अंकी लॉगरिदमचीं कोष्टकेंहि तयार केलीं. गरजू माणसांस ते मदत करीत, आणि ती बहुधा कोणास न कळतां करीत. जवळजवळ वीस वर्षांच्या नोकरींत आजारीपणाची रजा म्हणून त्यांनीं घेतली नाहीं. १९२९ च्या जानेवारींत पोटाच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यांस इस्पितळांत जावें लागलें, आणि ३ फेब्रुवारी १९२९ रोजीं, रविवारीं, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षीं त्यांचें देहावसान झालें. सर्वांचा खोळंबा मोजणाऱ्या या पुरुषास स्वतःच्या विसाव्याचा हिशेब मांडण्यास सवड मिळाली नाहीं.

१९४६ सालीं टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय समितीनें गर्दी मोजण्याच्या मापास एर्लांग हें नांव दिलें. एक तार एक तास सतत गुंतलेली असली म्हणजे तें एक एर्लांग. वरच्या उदाहरणांतील तीन तासांचें बोलणें म्हणजे तीन एर्लांग. न्यूटन, व्होल्ट, अँपिअर या मापांप्रमाणें हें मापहि एका माणसाचें स्मारक आहे.

येथें चरित्र संपावयास हवें. पण एर्लांग यांचें काम संपलेलें नाहीं. तारा एकत्र केल्यानें लाभ होतो, हें त्यांचें तत्त्व आज इंटरनेटनें शेवटच्या टोंकास नेलें आहे. येथें बोलणें, पत्रें, चित्रें, चित्रपट, पेढ्यांचे हिशेब सर्व एकाच वाटेनें जातात. प्रत्येकाचे लहान लहान तुकडे करून त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटावर पत्ता असतो, आणि वाटेंतील राउटर नांवाचें यंत्र पत्ता पाहून तें पुढें पाठवितें. येणारीं पॅकेटें अधिक आणि पुढची वाट अरुंद झाली, कीं राउटरमध्यें रांग लागते, आणि रांगेस जागा उरली नाहीं कीं पॅकेटें फेकून दिलीं जातात.

अडचण अशी कीं, या रांगेंत उभे असलेल्यांचे स्वभाव एकसारखे नाहींत. पत्र अर्धा मिनिट उशिरां पोंचलें तर कांहीं बिघडत नाहीं. मात्र त्यांतील एक अक्षरहि गळतां कामा नये, म्हणून हरवलेलें पॅकेट पुन्हां मागविलें जातें. चित्रपट थोडा आगाऊ सांठवून ठेवतां येतो, म्हणून कांहीं सेकंदांचा खोळंबा त्यास पचतो. बोलण्याचें तसें नाहीं. साध्या पद्धतींत मनुष्याच्या आवाजाचे सेकंदास ६४,००० बिट होतात, आणि ते सेकंदास ५० पॅकेटांतून जातात. एखादें पॅकेट हरवलें तर कानास फारसें कळत नाहीं; पण उशीर झाला, किंवा पॅकेटें कधीं लवकर कधीं उशिरां येऊं लागलीं, तर संभाषणाची लय मोडते. एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूस बहुतेक सर्व कामांसाठीं १५० मिलिसेकंदांच्या आंत पोंचावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. उशिरां आलेलें बोलणें हें न आलेल्या बोलण्यासारखेंच होय.

मग सर्वांस एकाच रांगेंत उभें करणें हा न्याय कसा होईल? १९८१ सालीं इंटरनेटचा मूळ नियम लिहिला गेला, तेव्हांच प्रत्येक पॅकेटावर सेवेचा प्रकार लिहिण्यासाठीं आठ बिटांची जागा राखून ठेवलेली होती. पुढें दोन वाटा निघाल्या. १९९४ सालीं मांडलेल्या योजनेंत प्रत्येक संभाषणासाठीं वाटेंतील सर्व राउटरांत आगाऊ जागा राखून ठेवावयाची होती; पण लाखों संभाषणें लक्षांत ठेवणें मोठ्या राउटरांस जड जातें. म्हणून १९९८ सालीं दुसरी योजना आली. तींत पॅकेटावरील सहा बिटांत केवळ वर्गाची खूण करतात. अशा ६४ खुणा होऊं शकतात. राउटर खूण पाहून पॅकेट योग्य रांगेंत लावतो. बोलण्याची रांग आधीं सुटते. पत्रें व इतर कामें यांच्या रांगांस ठरलेला वांटा मिळतो.

पण येथें सावधगिरी हवी. दवाखान्यांत रक्तबंबाळ मनुष्य आला तर रांगेंतील सर्व लोक आनंदानें त्यास पुढें जाऊं देतात. मात्र प्रत्येक जण आपणच तांतडीचे रोगी म्हणूं लागला, तर तांतडी या शब्दास अर्थच उरणार नाहीं. यासाठीं जाळ्याच्या वेशीवरच खुणा तपासल्या जातात, आणि ठरल्यापेक्षां अधिक तांतडीचीं पॅकेटें आलीं तर तीं अडविलीं किंवा खालच्या वर्गांत टाकलीं जातात. तसें न केलें तर मागच्या रांगांतील लोकांची पाळी कधींच येणार नाहीं.

आणि तांतडीच्या रांगेस किती जागा द्यावी? येथें पुन्हां आपले शाळामास्तर भेटतात. कचेऱ्यांच्या दोन समूहांमध्यें गर्दीच्या तासास ३० एर्लांगचें बोलणें होत असेल, तर शंभरांत एकाहून अधिक कॉल परत जाऊं नये यासाठीं ४२ संभाषणांची जागा पाहिजे. पत्त्यासकट एका संभाषणास सेकंदास सुमारें ८०,००० बिट लागतात. म्हणजे एका दिशेस सुमारें ३४ लाख बिट झाले. तेवढी वाट बोलण्यास द्यावी आणि त्रेचाळिसावें संभाषण सुरूच होऊं देऊं नये. त्यास शिरूं दिलें, तर त्या एकट्याचेंच नव्हे, सर्वांचेंच बोलणें तुटूं लागेल. एकास प्रथमच नम्रपणें नाहीं म्हणणें, हें सर्वांस हो म्हणून फसविण्यापेक्षां बरें.

या सूत्रास मर्यादाहि आहे, आणि ती सांगणें अवश्य आहे. माणसांचे कॉल स्वतंत्रपणें येतात, हें त्याचें मूळ गृहीत आहे. १९९० नंतरच्या दशकांत संगणकांच्या रहदारीचें बारकाईनें मोजमाप केलें गेलें, तेव्हां असें दिसून आलें कीं, तेथील गर्दी टेलिफोनसारखी लवकर सपाट होत नाहीं. क्षणभर पाहिली तरी लाटा, तासभर पाहिली तरी लाटा. अशा ठिकाणीं एर्लांग यांचें सूत्र जसेंच्या तसें लावणारा चुकेल. स्वतः एर्लांग यांनीं टेलिफोनचें प्रत्यक्ष काम डोळ्यांपुढें ठेवूनच नियम लावला होता. त्यांचा खरा वारसा सूत्रांत नाहीं. आधीं मोजावें, मग बोलावें, या वृत्तींत आहे.

मित्रांनो, या चरित्रांतून मला एक गोष्ट विशेष शिकण्यासारखी वाटते. खुणा आणि रांगा यांनीं वाट रुंद होत नाहीं. एकास पुढें घेतलें म्हणजे दुसऱ्यास मागें ठेवलेंच. पुढें जाणाऱ्याचे क्षण कोणाच्या तरी वाट्यांतून घेतलेले असतात. म्हणून अग्रक्रम देण्याचा अधिकार ज्याच्या हातीं आहे, मग तो जाळें संभाळणारा इंजिनिअर असो, दवाखान्यांतील परिचारिका असो, किंवा घरांतील वडील माणूस असो, त्यानें दोन प्रश्न स्वतःस विचारले पाहिजेत. पुढें जाणाऱ्याची गरज खरी आहे काय? आणि मागें राहणाऱ्यास सोसेल एवढाच उशीर होत आहे काय? मोठा, श्रीमंत किंवा आरडाओरडा करणारा म्हणून कोणास पुढें घेणें हा अन्याय. उशिरानें ज्याचें काम नासतें त्यास पुढें घेणें हा न्याय.

पुढच्या वेळीं दूरच्या आप्ताचा आवाज तुम्हांस स्पष्ट ऐकूं येईल, तेव्हां वाटेंत कित्येक पॅकेटें आपली पाळी येईपर्यंत निमूटपणें थांबलीं होतीं, हें ध्यानांत आणा. त्यांनीं किती थांबावें याचा हिशेब मांडण्याची वाट, मेजाच्या पलीकडे बसून भावाचें पुस्तक उलटें वाचणाऱ्या खेड्यांतील एका मुलानें दाखविली आहे.